कात्री लावलेलं बायबल

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लंडनमध्ये १८०७ साली एक बायबल छापलं गेलं. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या गुलामांसाठी ते होतं, आणि पहिल्याच पानावर तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात एकूण ११८९ अध्याय असतात. या पुस्तकात त्यांतले २३२ तेवढे ठेवले होते. जुन्या कराराचा सुमारे नऊ दशांश भाग गायब, नव्या कराराचा निम्मा. मोशे आपल्या लोकांना इजिप्तच्या राजाच्या दास्यातून सोडवून नेतो, ती सगळी कथा गाळलेली. पण योसेफ गुलाम म्हणून विकला जातो, धन्याशी इमानानं वागतो आणि पुढे मोठा होतो, ती कथा ठेवलेली. दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाही, अशा अर्थाचं पौलाचं वचन काढून टाकलेलं. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हा उपदेश मात्र जागच्या जागी.

या बायबलाच्या अवघ्या तीन प्रती आज शिल्लक असल्याचं सांगतात. त्यांतली एक अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या फिस्क विद्यापीठात आहे. हे विद्यापीठ १८६६ साली मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी निघालं. पुस्तक शेवटी योग्य जागी पोहोचलं, असं म्हणायला हरकत नाही.

इतिहास शिकवत असताना एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळाला. माणूस म्हणून सगळे समान, प्रत्येकाला प्रतिष्ठा, कुणी कुणाचा मालक नाही, ही जी आपण पाश्चात्त्य मूल्यं म्हणतो, ती मुळात ख्रिस्ती धर्मातून आली का? काही जण अभिमानानं ‘हो’ म्हणतात. काही जण त्याच ‘हो’चा वापर ती मूल्यं नाकारण्यासाठी करतात; ती त्यांच्या धर्माची, आपल्याला काय करायची, असा त्यांचा सूर असतो. टॉम हॉलंड या इंग्रज लेखकाचा ‘डोमिनियन’ हा ग्रंथ २०१९ साली आला. त्यानं हा दावा मोठ्या ताकदीनं मांडला आहे : चर्चला विरोध करणारा पाश्चात्त्य माणूससुद्धा ख्रिस्ती नीतीच्याच भांडवलावर जगत असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी नीत्शेनं असंच काहीसं म्हटलं होतं, पण रागानं. देव सोडलात तर देवाची नीतीही सोडा, असा त्याचा इंग्रजांना टोमणा होता. उलट बाजूला बुद्धिवादी मंडळी आहेत. धर्मानं फक्त अडवलं, जे झालं ते विवेकानं झालं, असं त्यांचं म्हणणं.

हवेत वाद घालण्यापेक्षा एकच मूल्य घेऊन त्याचा माग काढावा, हे मला बरं वाटतं. माणसानं माणसाचा मालक असू नये, हे ते मूल्य. त्याचा जन्मदाखला बऱ्यापैकी उपलब्ध आहे.

सुरुवात ग्रीस-रोमपासून करावी लागेल. काही माणसं निसर्गतःच दास असतात, असं ॲरिस्टॉटल म्हणत होता. स्टोइक विचारवंतांना ते मान्य नव्हतं. सेनेकानं गुलामांना माणसासारखं वागवा, असं आग्रहानं लिहिलं, पण त्यांना सोडून द्या असं लिहिलं नाही. रोमन कायदेपंडित तर याहून पुढे गेले. गुलामगिरी निसर्गाच्या विरुद्ध आहे, पण सगळ्या राष्ट्रांच्या रूढीनं ती चालते, अशी तिची व्याख्याच त्यांनी केली. ही व्याख्या ५३३ साली जस्टिनियन या ख्रिस्ती सम्राटानं आपल्या कायदेसंग्रहात जशीच्या तशी घेतली आणि तिच्याखाली गुलामांच्या खरेदी-विक्रीचे नियमही घेतले. म्हणजे मुद्दा सगळ्यांना ठाऊक होता. त्यावरून कुणाचं काही अडत नव्हतं.

ख्रिस्ती परंपरेत एक लखलखीत अपवाद आहे. चौथ्या शतकात निस्सा इथला बिशप ग्रेगरी यानं आपल्या एका प्रवचनात, देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडवलेल्या माणसाची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात मोजलीत, असा सवाल गुलाम विकत घेणाऱ्यांना केला. युक्तिवाद पूर्ण धार्मिक आणि निष्कर्ष पूर्ण स्पष्ट. आता प्रश्न असा, की एवढं स्वच्छ बोलणं झाल्यावर पुढची तेराशे वर्षं काय झालं? फारसं काही नाही. गुलामगिरी हे पापाचं फळ आहे आणि या जगात ते भोगावंच लागणार, ही ऑगस्टिनची भूमिका चर्चनं स्वीकारली. १४५५ साली तर पोप पाचवा निकोलस यानं आफ्रिकेतल्या लोकांना कायमचं दास करण्याची मुभा पोर्तुगालच्या राजाला फर्मानानं दिली. अशा फर्मानांवर उभ्या राहिलेल्या सिद्धांताशी आपला संबंध नाही, हे व्हॅटिकननं अधिकृतपणे सांगितलं ते २०२३ साली.

प्रॉटेस्टंट मंडळीही काही वेगळी नव्हती. कॉड्रिंग्टन नावाच्या एका जमीनदारानं १७१० मध्ये मरताना बार्बाडोसमधले आपले मळे चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसार संस्थेला दिले. मळ्यांबरोबर गुलामही आले. त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडानं ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. सोसायटी म्हणजे येशूची सुवार्ता परदेशात पोहोचवणारी ती संस्था! चर्च ऑफ इंग्लंडनं याबद्दल माफी मागितली २००६ साली.

तेव्हा ‘मूल्य बायबलमध्ये होतंच’ हे उत्तर मला पुरत नाही. बायबल तर डागणाऱ्याच्याही हातात होतं.

मग बदल कुठे झाला? त्यासाठी पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन या वस्तीत जावं लागतं. १६८८ साली तिथल्या चार माणसांनी एक निवेदन लिहिलं. चौघंही जर्मनी-हॉलंडकडून आलेले, क्वेकर पंथाच्या सभेला जाणारे. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, आणि निवेदन वाचताना ते जाणवतं; वाक्यं अडखळत चालतात. म्हणणं मात्र अडखळत नाही. आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं दुसऱ्याशी वागा, हा नियम पाळताना रंग पाहायचा का? समुद्रावर तुर्की जहाज दिसलं की आपण घाबरतो, पकडून गुलाम करतील म्हणून. मग आपण काय वेगळं करतो? इथे माणसं गुरांसारखी हाताळतात, हे ऐकून युरोपातले लोक आपल्याबद्दल काय म्हणतील? आणि शेवटी एक अगदी अवघड प्रश्न. तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही का?

मला या कागदाचं महत्त्व वाटतं ते त्यातल्या धर्मवचनामुळे नाही. ते वचन तर जुनंच, आणि जगातल्या बहुतेक धर्मांत या ना त्या रूपात आहे. महत्त्व आहे ते लिहिणाऱ्यांच्या स्थितीचं. आपल्या श्रद्धेपायी छळ सोसलेल्या लोकांचा हा पंथ होता. त्यांच्यात पुरोहित नव्हता. प्रत्येकाच्या अंतरात दैवी प्रकाश असतो, अशी श्रद्धा होती. आणि एक अगदी रुक्ष वाटणारी गोष्ट त्यांच्याजवळ होती : सभांची उतरंड. गावची मासिक सभा, वर तिमाही सभा, त्यावर वार्षिक सभा. कुणीही प्रश्न मांडला की त्याची नोंद होऊन तो वर जायचा. हे निवेदन असंच वर गेलं. मासिक सभेनं हा फार वजनदार विषय म्हणून पुढे ढकललं, तिमाही सभेनं तेच केलं, वार्षिक सभेनं बाजूला ठेवलं. सभांमध्ये मातब्बर होते ते बहुतेक स्वतः गुलामांचे मालक. वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन हाही मालकच. मग कागद दप्तरात हरवला तो थेट १८४४ मध्ये सापडला.

विचार मेला नाही, कारण सभा दर वर्षी भरत होत्या आणि दर वर्षी कुणी ना कुणी तो प्रश्न पुन्हा काढत होतं. यातला सगळ्यांत अफलातून माणूस म्हणजे बेंजामिन ले. उंची जेमतेम चार फूट. बार्बाडोसमध्ये दुकान चालवताना त्यानं गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ च्या वार्षिक सभेत तो अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून आला. हातात पुस्तकासारखं काहीतरी होतं, आत लाल रस भरलेली पिशवी. गुलाम बाळगणं म्हणजे भावाच्या काळजात तलवार खुपसणं, असं ओरडून त्यानं ते पुस्तक तलवारीनं भोसकलं आणि ते ‘रक्त’ जवळ बसलेल्या मालक मंडळींच्या अंगावर उडालं. शांतताप्रिय क्वेकरांची ती सभा! लोकांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं, पंथातूनही काढून टाकलं. त्याचं पुस्तक छापलं होतं ते बेंजामिन फ्रँकलिननं, आणि फ्रँकलिनच्याही घरी त्या वेळी गुलाम होते.

अखेर १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर कारवाईचा ठराव केला, आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असं ठरवलं. १६८८ ते १७७६. अठ्ठ्याऐंशी वर्षं. तीही एका लहानशा पंथाला, ज्याच्या श्रद्धेतच समता होती.

पुढची कथा इंग्लंडातली आणि बरीच परिचित आहे. केंब्रिज विद्यापीठात १७८५ साली लॅटिन निबंधस्पर्धेला विषय होता : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं रास्त आहे काय? थॉमस क्लार्कसन या विद्यार्थ्यानं बक्षिसासाठी निबंध लिहिला, बक्षीस मिळवलं, आणि मग लंडनच्या वाटेवर त्याला स्वस्थ बसवेना. लिहिलं ते खरं असेल तर कुणीतरी हे थांबवलं पाहिजे. २२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जणांची समिती स्थापन झाली. त्यांतले नऊ क्वेकर. शपथ घेणं त्यांच्या श्रद्धेत बसत नसल्यामुळे त्यांना पार्लमेंटात बसता येत नसे. म्हणून तिथे बोलायला विल्बरफोर्स लागला. तो श्रद्धाळू इव्हँजेलिकल, राजकारणात पुराणमतवादी, आणि या एका प्रश्नावर चिवट. समितीनं जी साधनं वापरली ती आज आपल्याला रोजची वाटतात : सह्यांचे अर्ज, चिनी मातीच्या कारखानदार वेजवुडनं बनवलेली पदकं, ‘ब्रूक्स’ या जहाजात माणसं कशी कोंबतात त्याचा नकाशा. १७९१ नंतर हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली. घरात साखर आणायची की नाही हे बायका ठरवत होत्या, आणि मताधिकार नसलेल्या बायकांचा हा एक प्रकारचा मतदानाचा दिवसच होता म्हणा ना.

यात धर्माचा वाटा मोठा, हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही. शुद्ध विवेकवाद्यांची कामगिरी तुलनेनं फिकी आहे. स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत शेअर होते. ह्यूमनं काळ्या माणसाच्या बुद्धीबद्दल लिहिलेली तळटीप वाचवत नाही. तरी दुसरी बाजूही आहेच. माँतेस्क्यूनं १७४८ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांची अशी खिल्ली उडवली, की पुढे सगळ्यांनी त्याचा आधार घेतला. आणि काँदोर्सेनं, ज्याला कोणत्याच चर्चचं प्रेम नव्हतं, १७८१ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं ते एका काल्पनिक पाद्र्याच्या नावानं! सोय म्हणून असेल किंवा खोडी म्हणून.

आणखी एक मत आहे, ते नीतीलाच बाजूला ठेवतं. एरिक विल्यम्स या त्रिनिदादच्या इतिहासकारानं १९४४ साली असं मांडलं, की साखरेचे मळे तोट्यात जाऊ लागले म्हणून गुलामगिरी गेली. नंतरच्या संशोधकांनी, विशेषतः सेमूर ड्रेशरनं, हिशेब मांडून दाखवलं की व्यापार बंद केला तेव्हा तो चांगला तेजीत होता. मला हा दुसरा हिशेब पटतो. पण विल्यम्सचं एक म्हणणं राहतंच : १८३३ च्या कायद्यानं दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना एक पेनीही नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाता २०१५ पर्यंत फेडत होता.

या सगळ्या चर्चेत एक पक्ष नेहमी विसरला जातो, आणि माझ्या मते निर्णायक तोच आहे. खुद्द गुलाम. क्युगोआनो आणि इक्वियानो या दोघा मुक्त आफ्रिकींनी लंडनमध्ये १७८७ आणि १७८९ साली आपली पुस्तकं छापली. तिकडे हैतीत १७९१ साली गुलामांनी बंड केलं आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. कात्री लावलेलं बायबल छापलं गेलं ते त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. मोशेची कथा का गाळली, हे त्या तारखांवरून उमगावं. गंमत अशी, की ते छापणाऱ्या संस्थेच्या मागे होते लंडनचे बिशप पोर्टियस, आणि हे गृहस्थ गुलामांच्या व्यापाराचे कट्टर विरोधक. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांवरून त्यांनी १७८३ मध्येच धर्मप्रसार संस्थेला खडसावलं होतं. चांगल्या माणसालाही पूर्ण पुस्तक गुलामाच्या हाती द्यायची भीती वाटली.

ती भीती खोटी नव्हती. जमैकात सॅम शार्प नावाचा एक गुलाम होता, बाप्टिस्ट चर्चचा डीकन. वाचायला शिकलेला. पूर्ण बायबल त्याला मिळालं होतं, वर्तमानपत्रंही तो वाचत असे. एका माणसाला दोन धनी असू शकत नाहीत, या येशूच्या शिकवणीचा त्यानं सरळ अर्थ घेतला : देव धनी असेल तर मळेवाला नाही. १८३१ च्या नाताळनंतर मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही, असा बेत त्यानं प्रार्थनासभांमधून पसरवला. संपाचा बेत आगी लागून बंडात गेला. बंडात मेलेले गोरे चौदा. सरकारनं नंतर फाशी-गोळी दिलेले गुलाम तीनशेच्या वर. मळेवाल्यांनी बाप्टिस्टांची प्रार्थनामंदिरं पाडली आणि जाळली. पाडणारेही ख्रिस्तीच. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी झाली आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. बेटं हातची जातील, ही धास्ती त्यामागे उघड होती.

अमेरिकेत तर एकाच पंथाचे दोन तुकडे झाले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही, या वादातून १८४५ मध्ये दक्षिणेचे बाप्टिस्ट वेगळे निघाले. त्यांच्या पाद्र्यांकडे नोहाच्या शापाची कथा होती. त्या कथेत शाप हामला नसून त्याच्या मुलाला, कनानला आहे, आणि कातडीच्या रंगाचा उल्लेखच नाही; पण गरजवंताला एवढं वाचायला सवड कुठली? त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस या पळून सुटलेल्या गुलामानं आत्मचरित्र छापलं आणि शेवटी लिहिलं, की ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि या देशातला ख्रिस्ती धर्म वेगळा. लिंकनला १८६५ च्या भाषणात कबूल करावं लागलं, की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाची प्रार्थना करतात.

तर मग हे मूल्य खास ख्रिस्ती परंपरेचं का? मी असं म्हणेन : त्या परंपरेनं शब्द दिले, सभा दिल्या, चिवटपणा दिला. निष्कर्ष दिला नाही. निष्कर्ष प्रत्येक वेळी कुणीतरी खालून, बाहेरून, छळ सोसलेल्या माणसानं तिच्यातून ओढून काढला, आणि परंपरेच्या राखणदारांनी तो शक्य तितका वेळ अडवला. शिवाय तो फक्त तिच्यातूनच निघतो असंही नाही. माणसांचा व्यापार हा गौतम बुद्धानं उपासकांना निषिद्ध ठरवलेल्या पाच व्यवसायांत आहे. चीनमध्ये वांग मांग या सम्राटानं इसवी सन ९ मध्ये गुलामांच्या विक्रीवर बंदी घातली होती. ती टिकली नाही, ही गोष्ट निराळी. ट्युनिसच्या मुस्लिम राज्यकर्त्यानं, अहमद बे यानं, १८४६ मध्ये गुलामगिरी बंद केली. फ्रान्सनं ती कायमची बंद केली त्याच्या दोन वर्षं आधी, अमेरिकेच्या एकोणीस वर्षं आधी. लाखो सामान्य लोकांची चळवळ प्रथम उभी राहिली ती मात्र ब्रिटनमध्ये, आणि ते श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

आपल्याकडे काय? १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. इंग्लंडातल्या चर्चमध्ये घंटा वाजत होत्या तेव्हा हिंदुस्थानातली गुलामगिरी तशीच चालू होती. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी आपल्याला कागदपत्रांतून ठाऊक आहेतच. इथला कायदा आला तो १८४३ मध्ये.

त्या सुमाराला पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक मुलगा शिकत होता, जोतीराव फुले. तीस वर्षांनी, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सद्गृहस्थांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं. या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर गुलामगिरीविषयीचं एक वचन आहे. ते बायबलमधलं नाही. होमरचं आहे, म्हणजे ख्रिस्ताच्याही कितीतरी शतकं आधीचं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांच्या मनावर तरुणपणी सगळ्यांत खोल ठसा उमटवला तो थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’नं. हा पेन पुढे बायबलवर इतकं कडक लिहिता झाला की इंग्लंडात त्याचे प्रकाशक तुरुंगात गेले. त्याचे वडील थेटफर्ड या गावी कॉर्सेट शिवण्याचं काम करत. पंथानं ते क्वेकर होते.